बोटीचं दार

मिशिगनमधल्या ट्रॉयजवळच्या बोटींच्या प्रदर्शनात देवयानी झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन सपाट तळाची, बाकं असलेली पाँटून बोट आतून पाहायच्या रांगेत उभी होती. पुढ्यातल्या नवराबायकोचं चक्क मराठीत चाललं होतं.

“आश्लेषा, सोळा फुटी पुरे. गराजमध्ये मावते. आपण चौघं आणि तुझी आई.”

“आणि मंडळातले लोक आले की?”

“सात माणसं लिहिलंय म्हणजे दहा बसतात गं!”

“सुशांत, ही काळी-पिवळी जीप नाही. बुडेल! आणि आधी दार बघ. आईची व्हीलचेअर आत जायला हवी.”

“आई बसतील की काठावर. त्यांना आवडतं.”

“आवडत नाही. आपल्याला अडचण नको म्हणून ती तसं म्हणते. मागच्या पिकनिकला दिवसभर गाडीत बसून होती.”

“पाण्याला घाबरल्या तर?”

“ती? कृष्णेत ढकलून मला पोहायला तिनंच शिकवलं!”

सुशांतनं शेजारच्या मोठ्या बोटीकडे मान वळवली.

“त्या बावीस फुटीचं दार रुंद आहे, यार. गराज बोटीला, गाडी राहील बाहेर बर्फात. फोन लाव घरी. पुढे बसणार की मागे, विचार त्यांना.”

आश्लेषानं फोन लावला, विचारलं, ऐकलं आणि हसू दाबत नवऱ्याकडे वळली.

“चालवायला देणार का, विचारतेय.”