वाकळीचं पोट

जुलेखा : तोबा! सुई हाय ती मनकर्णाबाई, विंचू न्हाई. जरा जवळ धरा.

मनकर्णा : टोचती की, भाभी.

जुलेखा : वाकळीला पहिलं बक्षीस घेणारीला सुई टोचती? प्रदर्शनात बायका तुमचा टाका बघून तोंडात बोट घालायल्या होत्या. आन आज हा टाका बघा. उंट चालत गेल्यावानी. उद्या बचतगटाच्या बायका माझ्या शिलाईच्या दुकानात तुमच्याकडून शिकायला येणार. तुमच्या गावच्या आप्पारावची सून ऋतुजा बी येणार. त्यांना काय उंट दाखवायचा?

मनकर्णा : घरी जमतं वो. लोकात टाका वाकडा जातो.

बंकट : व्हतं तसं एखादीचं. मी बाहीर बसतो.

जुलेखा : बसा की आतच, बंकटभाऊ. बाहीर ऊन हाय. आन आल्यापासून तुमची नजर सुईवरच हाय.

बंकट : माझी? छा! मी पंख्याकडं बघायलो. ...संगीताची आई, दोरा लई लांब घेतलाईस. गुंता व्हईल.

जुलेखा : पंख्यात दिसला का दोरा?

बंकट : सहज दिसला.

जुलेखा : बरं, पेपरात फोटो आलता तुमचा, मनकर्णाबाई. लावला का घरी?

मनकर्णा : यांनी लावला. शेरडांच्या गोठ्यात. मला कातरून टाकलं आन वाकळ तेवढी ठेवली.

बंकट : जागा कमी होती.

जुलेखा : गोठ्यात?

बंकट : फोटोच्या पाठीमागं डिंक पुरला न्हाई.

जुलेखा : बंकटभाऊ, बोट दाखवा बरं. हे. टोकाला चाळण झाली की हो तुमच्या.

बंकट : बाभळीचा काटा. शेरडं राखताना लागतो.

जुलेखा : रोज त्याच जागी? लई शिस्तीचा काटा हाय.

मनकर्णा : अवो, सांगून टाका. भाभी, मी मातर खोटं काईच बोलले न्हाई. प्रदर्शनातल्या मॅडमनी इचारलं, किती दिवस लागले? मी म्हणलं, मोजले न्हाईत. इचारलं, कुणी शिकवलं? म्हणलं, सासूनं. सासूनंच शिकवलं. कुणाला शिकवलं, हे त्यांनी इचारलं न्हाई.

जुलेखा : तुमाला वकिलीण करायला पायजे होतं.

मनकर्णा : आन बक्षिसाच्या कुकरातला भात रोज कोण खातंय, हे बी कुणी इचारलं न्हाई.

बंकट : हळू! माझ्या मायला दिसत नव्हतं, भाभी. मी सुईत दोरा ओवून द्यायचो. मंग एखादा टाका घालून द्यायला लागलो. मंग काई सुटलं न्हाई. पालीच्या तळ्याकडं शेरडं चरतात, माणसानं नुसतं बसून तरी काय करावं? पण ही गोष्ट ह्या दुकानाबाहीर गेली न्हाई पायजे. आप्पाराव पारावर बसून माझा तमाशा करंल.

मनकर्णा : पोळ्याला बैलाची झूल तर मारुतीसमोर बसून शिवता. तवा त्योच आप्पाराव वाहवा करतो.

बंकट : झूल येगळी. त्यो बैल हाय.

मनकर्णा : म्हंजी बैलाला पांघराया शिवलं तर मर्द, आन माणसाला शिवलं तर बायकी?

बंकट : हा कायदा मी केलेला न्हाई.

जुलेखा : आमचे मैनुद्दीनमियाँ सारी उमर बायकांचे ब्लाऊज शिवायलेत. त्यांना कावून कोणी हसत न्हाई?

बंकट : ते धंदा म्हणून शिवतात. हौसेनं शिवणाऱ्याला हसतात, भाभी. ...अगं थांब, थांब! पोटाला हात लावू नको!

जुलेखा : कुणाच्या पोटाला?

बंकट : वाकळीच्या. चारी कडांनी शिवत शिवत मधी यायचं. ही मधली वीतभर जागा राहती, ते तिचं पोट. त्यात ज्वारीचे चार दाणे घालायचे आन मंग तोंड बंद करायचं.

जुलेखा : उंदीर न्हाई लागत?

बंकट : चार दाण्यांसाठी कुठला उंदीर एवढी मेहनत करंल? पण एकदा दाणे टाकले का पोट मिटल्याबिगर जाग्यावरनं उठायचं न्हाई. उठलं का वाकळ उपाशी. मंग ती पांघरणारं माणूस जन्मभर झोपंतून उठून भाकर हुडकतं. माय एकदा उठली होती, पाव्हणे आले म्हणून. ती वाकळ माझी.

मनकर्णा : खरं हाय भाभी. आजून हुडकतात.

जुलेखा : आन ही वाकळ कुणाची?

मनकर्णा : आमच्या संगीताच्या बाळाची. पुढच्या म्हयन्यात बाळंतपण हाय तिचं.

जुलेखा : हौ का! मंग हे पोट काय मनकर्णाबाईच्या हातात देऊ नका. ही घ्या ज्वारी. तुमीच एकदा करून दाखवा, ती बघून शिकंल.

बंकट : इथं?

जुलेखा : पडदा लावलेला हाय. कोण बघतंय?

बंकट : बायका उद्याच येणार ना?

जुलेखा : उद्या.

बंकट : सर गं. हिकडं बघ. हे असं बोटानं उकलायचं. दाणे सुटे टाकायचे, ढीग करायचा न्हाई. आता टाका तांदळाएवढा. वढायचा न्हाई, नुसता बसवायचा.

मनकर्णा : टाकले का दाणे?

बंकट : टाकले.

मनकर्णा : भाभी, टाकले!

(बाहेर मोटारसायकल थांबते, बायकांचा गलका होतो. पडद्याच्या कड्या खळखळतात.)

जुलेखा : या, या, ऋतुजा! सगळ्या आत या. आप्पाराव, सुनंला सोडायला आलाव का? तुमीबी या की. बंकटभाऊ शिकवायलेत.

बंकट : भाभी! उद्या म्हणलावता तुमी!

जुलेखा : उद्याबी येणार हायेत.

बंकट : मनकर्णा, धर ही सुई. मी मागल्या दारानं जातो.

मनकर्णा : जावा की. मी कुठं धरलंय तुमाला? संगीताला कळवते, लेकरू भाकर मागाया लागलं का आज्याकडं पाठव म्हणून.

जुलेखा : आप्पाराव हसायलेत, बंकटभाऊ.

बंकट : (सुई न सोडता) हा एक टाका बसला. आता दुसरा.

मनकर्णा : अवो, आप्पाराव हसायलेत म्हणत्यात भाभी.

बंकट : ऐकलं. आप्पाराव, रामराम. आत्ता उठून करता येत न्हाई. ऋतुजा, उजेडातून जरा बाजूला हो, माय. आन दोरा हातभरच घे.