रॅकेटला लागलेला चेंडू

स्टेडियमबाहेर बसच्या रांगेत, नुकतीच हरलेली टेनिसपटू आणि तिचे वडील माझ्यापुढेच उभे होते.

“चेंडू बाहेर जात होता. तो पॉइंट मिळाला की मॅच तुझी होती.”

“जाताना माझ्या रॅकेटला चाटून गेला, बाबा.”

“पंचांना कुठे दिसलं?”

“मला कळलं ना.”

“म्हणून लगेच सांगून मोकळी? तीन तास घाम गाळायचा आणि ऐन वेळी हरिश्चंद्र व्हायचं. समोरच्या पोरीने सांगितलं असतं?”

“काय ठाऊक. पण उद्या दुहेरीत तीच माझी जोडीदार आहे, विसरलात? ती मागून सर्व्हिस करणार आणि मी पुढे, तिच्याकडे पाठ करून.”

वडिलांनी तिची किटबॅग आपल्या खांद्यावर घेतली.

“तरी जरा वाकूनच उभी राहा.”