उद्या सकाळच्या आत विचारायचा प्रश्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, रुग्णालयाचे विश्वस्त, मूत्रपिंड विभागाची सूत्रं उद्यापासून हाती घेणाऱ्या डॉक्टरबाई, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपले मोठे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, परिचारिका, तंत्रज्ञ, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेले माझ्यासारखे नातेवाईक, सर्वांना माझा नमस्कार.

मला रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने चार शब्द बोलायला सांगितलं आहे. माझीच निवड का झाली, याबद्दल मी भ्रम बाळगलेला नाही. या इमारतीत मला ‘तक्रारवाल्या बाई’ म्हणतात. पंख्याची तक्रार केली, जिन्याच्या कठड्याची केली, तेव्हा एकदा हिच्या हातात माइक द्या म्हणजे हौस फिटेल, असा कुणीतरी पोक्त विचार केला असावा. विचार वाईट नव्हता.

मी आयुष्यभर लघुलेखिका होते. दुसऱ्यांची भाषणं उतरवून घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे निरोपाच्या भाषणात काय म्हणतात ते मला पाठ आहे. सत्कारमूर्ती वटवृक्ष असतात, दीपस्तंभ असतात, त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण होते. डॉक्टर, तुम्ही वटवृक्ष नाही. तुमचं नाव आम्ही नातेवाइकांनी ‘थांबा डॉक्टर’ ठेवलं होतं. हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर आज निवृत्तीच्या दिवशी कळलेलं बरं.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या ताईला, इथे आणलं. वय एकोणऐंशी. पोट बिघडलं होतं, उलट्या-जुलाब होत होते, पोटात पाणी ठरत नव्हतं, आणि त्यातही ही शहाणी बाई गुडघेदुखीची गोळी वेळच्या वेळी घेत होती. का? तर डॉक्टरांनी लिहून दिली होती म्हणून. शिस्त अंगाशी येते ती अशी. चौथ्या दिवशी मूत्रपिंडांनी संप पुकारला. मानेत नळी घातली, डायलिसिस सुरू झालं. भाचा रडायला लागला. तेव्हा हे मोठे डॉक्टर त्याला म्हणाले, “अहो, थांबा. मूत्रपिंड मेलेलं नाही, दमलंय. म्हाताऱ्या माणसाचं उठायला वेळ लावतं. तीन महिने तरी मी हात टेकणार नाही, तुम्हीही टेकू नका.”

त्या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं. पोकळीबिकळीचं मला माहीत नाही. त्या वाक्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि ते मी दहा जणांत सांगते.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघताहेत. मीही बघतेय. आपली कारणं वेगळी आहेत एवढंच.

तर, ताई घरी गेली. आठवड्यातून तीनदा इथे यायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, संध्याकाळी परत जायचं. आणि डॉक्टर, त्यानंतर तुम्ही दिसेनासे झालात. कधी समितीची बैठक, कधी परिषद, कधी नव्या विभागाचं उद्घाटन. वर डायलिसिसच्या विभागात उरली ती तरुण डॉक्टर मंडळी. कामसू आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्यांच्या जिभेवर दोनच शब्द: ‘या वयात’. चक्कर येते? या वयात येतेच. भूक नाही? या वयात नसतेच. मला सांगा, त्या वयात आणखी काय काय करायची परवानगी असते? बरं होण्याची असते का?

दर खेपेला ते एक प्रश्न मात्र विचारतात. विचारायलाच हवा तो, मूत्रपिंड जागं होतंय का याची पहिली खूण तीच. कसा विचारतात ते ऐका. ओळीने आठ-नऊ खुर्च्या, प्रत्येकीत एक अनोळखी माणूस, आणि लांबून आवाज येतो, “आजी, शू होते का?” माझी ताई एका मोठ्या कार्यालयाची प्रमुख होती. तिच्यासमोर माणसं खुर्चीत बसायला कचरायची. तिला ‘शू’. ती छताकडे बघते. सून म्हणते, “नाही हो.” तरुण डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे जातात. झाली तपासणी.

आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये वाढलो. वर्गातून बाहेर जायचं असेल तर करंगळी वर करायची, तोंडातून अक्षर काढायचं नाही. अंगाला खालचा अर्धा भाग असतो हे नन मंडळींना मान्यच नव्हतं. मी पुढे कचेऱ्यांत फिरले, बिघडले, म्हणून आज या व्यासपीठावरून लघवी हा शब्द उच्चारू शकते. ताई बिघडली नाही. हीच तिची पंचाईत.

आज सकाळी तिला इथे आणायला मी तिच्या घरी गेले. कपाटामागे दोरीवर धुतलेला टॉवेल, परकर आणि चादरीचा तुकडा वाळत होता. मी विचारलं, “हे काय?”

“पाणी सांडलं.”

“कपाटामागे?”

“तू फार चौकश्या करतेस. चल, उशीर होतोय.”

“ताई, रोज सांडतं?”

मग ती पलंगावर बसली. म्हणाली, “पंधरा दिवस झाले. आवरतच नाही गं. आधीच सून माझं सगळं करून थकलीय, आता हेही तिच्या गळ्यात घालू? डायलिसिसवाल्यांना होत नाही म्हणतात, मग मला हे काय नवीन? म्हातारपणाने बांध फुटला असेल. कुणाला बोललीस तर माझ्याशी गाठ आहे.”

बघा, आलं का लक्षात? ज्या गोष्टीची आम्ही सगळे दोन महिने वाट बघत होतो, ती आली होती, आणि आमची ताई ती पहाटे उठून धुऊन कपाटामागे वाळत घालत होती.

मी डॉक्टर नाही. लघवी झाली म्हणजे मूत्रपिंड सुधारलं, असं होत नाही, हे मला समजतं. ती साठवून मोजावी लागते, रक्त तपासावं लागतं. पण तपासा तरी. पंधरा दिवस ती यंत्रावरून उठते ती डोळ्यांपुढे अंधारी घेऊन. अंगातलं पाणी आपसूक बाहेर जात असेल आणि वर यंत्रही ओढत असेल, तर दमलेल्या मूत्रपिंडाला आपणच पुन्हा लाथ मारत नाही ना? मला शंका आहे. शंका विचारायला पदवी लागत नाही.

आल्या आल्या मी वरच्या मजल्यावर तरुण डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते हसून म्हणाले, “मावशी, या वयात थोडंफार गळतंच.” मी म्हटलं, मला मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय. तुमच्या कक्षाबाहेरच्या बाई म्हणाल्या, “साहेबांचा आज सत्कार आहे, आज ते कुणालाही भेटणार नाहीत.” दुपारी पुन्हा गेले, तर तुम्ही फोटोला उभे होतात.

उद्या सकाळी ताईच्या हातावर शस्त्रक्रिया आहे. कायमच्या डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडायच्या आहेत. ‘कायमच्या’ हा शब्द तरुण डॉक्टरांचा. तिच्या डाव्या हातावर शाईने खूणसुद्धा करून झालीय. आणि आत्ता, आपण इथे गुच्छ देतोय-घेतोय तेव्हा, ती वर तिसऱ्या खुर्चीत यंत्राला जोडलेली आहे, सून शेजारी बसलीय. म्हणून मी घड्याळ बघतेय, अध्यक्ष महोदय. तिचं संपत आलं असेल.

नव्या प्रमुख डॉक्टरबाई, तुम्ही काहीतरी टिपून घेताय. घ्या. लागेल तर सावकाश सांगते, लोकांचं बोलणं उतरवून घेण्याचे हाल मला माहीत आहेत. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न विचाराल तेव्हा पडदा ओढा, जवळ बसा, आणि उत्तर सुनेकडून घेऊ नका.

मोठ्या डॉक्टरांना निरोगी आयुष्य लाभो. आयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. पुन्हा देणार नाहीत याची कल्पना आहे. भर सभेत नको ते शब्द उच्चारले, गोड प्रसंगात मिठाचा खडा टाकला, मोठ्यांचा अधिक्षेप केला, या सगळ्याबद्दल माफ करा. कुणाला बोलू नकोस हा बहिणीचा हुकूम मोडला, त्याची माफी मी घरी जाऊन मागेन. ती देणार नाही.

डॉक्टर, तुम्ही उठलात. नाही, गुच्छ राहू द्या इथेच, कुणी नेत नाही. अध्यक्ष महोदय, जाऊ द्या त्यांना, आभारप्रदर्शन त्यांच्याशिवायही होईल.

डॉक्टर, माझं नाव सांगू नका. सहज फेरीला आलोय म्हणा. सुनेला काहीतरी आणायला खाली पाठवा, मग विचारा. ताई ताबडतोब बोलणार नाही, छताकडे बघेल.

तेवढं थांबा.