उखडलेलं मैदान कुठं न्यायचं

मी उस्मान, मूळचा करमाडचा, आमचं खानदान पिंजाऱ्याचं, म्हंजे गाद्या उसवायच्या, जुना कापूस पिंजायचा, धूळ झाडायची आन पुन्हा भरायचा. आमच्या अब्बांनी कापूस फेकलेला मी पाहिला नाय, ताई. गादी कितीबी जुनी असो, गोळे झालेली असो, उसवायची, पिंजायची, भरायची. मग फोमच्या गाद्या आल्या आन कापूस पिंजायची कमान खुंटीला गेली.

मग शहरात आलो, टर्फ बसवायच्या कामाला लागलो. टर्फ म्हंजे प्लास्टिकचं हिरवं गवत, त्यात वाळू, वाळूवर जुन्या टायरांचा काळा चुरा, तुमची पोरंबी त्यावरच बॉक्स क्रिकेट खेळतात. मैदानं लई बसवली. पण काही वर्षांनी गवत झोपतं आन बसवलेलं उखडावंबी लागतं, हे कुणी बोलतच नाय. उद्घाटनाला फोटो काढतात, उखडताना कोण येतंय?

पहिल्यांदा उखडलं तवा ठेकेदार म्हणला, चितेगावकडं जुनी दगडाची खाण हाय, टाकून या. टाकलं आम्ही, काय सांगू तुम्हाला, मीच टाकलं. एक तुकडा तेवढा ठेवला, हाताला राहवंना, आन बहिणीला दिला, जुबेदाला. तिच्या शेळ्या चिखलात उभ्या राहायच्या, म्हटलं अंथर गादीसारखं. ती म्हणली भाईजान, हिरवंगार लई छान दिसतंय. शेळीलाबी छान दिसलं. दीड महिन्यात तिची सगळ्यात दुधाळ शेळी फुगून मेली, चिरली तर पोटात हिरव्या धाग्यांचा गुंता, मुठीएवढा. जुबेदानं तो तुकडा गुंडाळून माझ्या हातात परत दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आन खाणीत तर सगळ्या गावाच्या शेळ्या उतरतात. ते डोक्यातून जाईना माझ्या, अजून जात नाय.

म्हणून या उन्हाळ्यात जालना रोडकडचं मैदान उखडलं तवा म्या ठेकेदाराला म्हटलं, फेकू नका, चार दिवस द्या. तो हसला, म्हणला पिंजाऱ्या, मैदानाची गादी भरतो का काय. म्हटलं व्हय. गवत उन्हात वाळवलं, बाजेवर उलटं टाकलं, काठीनं बडवलं, वाळू आन चुरा खाली ताडपत्रीवर. मग चाळण. वाळू येगळी, चुरा येगळा, दोन्ही साफ. ठेकेदारानं चुरा मुठीत घेऊन पाहिला आन गुपचूप नव्या मैदानात भरला, आन मालकाला सांगितलं समदं नवंच हाय. म्हंजे जुनं वापरलं तर लाज, आन खाणीत टाकलं तर लाज नाय. असली तऱ्हा.

राहिलं नुसतं गवत. ते भंगारवाल्याकडं नेलं. त्यानं कोपरा उचलला, खालचा रबरी लेप नखानं खरवडला, म्हणला चाचा, दो-तीन जात का माल एक में चिपका है, आपल्याकू नक्को. बरोबर बोलला तो. बनवणाऱ्यानं सुटेल असं बनवलंच नाय, तर भंगारवाला काय दातानं सोडवणार? ज्यानं विकलं त्यानंच परत नेलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट हाय. ठेकेदार म्हणला खाणीत टाक. म्हटलं नाय टाकणार. म्हणला मग घरी ने. नेलं.

आता अंगणात ढीग हाय, वरून ताडपत्री बांधलेली, शेळीचं तोंड लागू नये म्हणून. बायको, रेहाना, ढिगामुळं अंग चोरून दारातून शिरते. म्हणते सवत आणली असती तर तिनं निदान भाकरी तरी थापली असती. हसते, पण चूल कामावर पेटते हे तिलाबी माहीत हाय. ठेकेदारानं दोन महिने बोलावलं नाय. मी घरात बसत नाय, दारात जातो, परत येतो, फोन बघतो.

काल सकाळी त्याचा फोन आला. उस्मानभाई, मोठं मैदान हाय, उद्यापासनं या, उखडायला तुमच्यासारखा माणूस नाय. म्हटलं येतो, काढलेलं कुठं न्यायचं ते आधी सांगा. म्हणला तुम्हाला काय करायचंय. म्हटलं मलाच टाकावं लागतं ना. फोन कट केला त्यानं.

आज ते काम दुसऱ्या कुणीतरी सुरू केलं असंल. तुमची पोरं खेळोत ताई, खूब खेळोत, गुडघे शाबूत राहोत त्यांचे. मी नाय गेलो.