गच्चीवरच्या कुरडया

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या रिकाम्या गच्चीवर भरदुपारी कुणीतरी चालत असल्याचा आवाज मी ऐकलाय.

लेकीच्या रुखवतासाठी मी आणि मंद्रूपच्या माझ्या नणंदेनं सकाळीच कुरडया घातल्या होत्या. माघातलं कोवळं ऊन, वाळायला दोन दिवस लागतील, असं वन्संच म्हणाल्या होत्या. जेवून बसलो, तेवढ्यात सर्वेक्षणाची मुलगी आली.

"मावशी, हवामान बदललंय असं वाटतं का?"

वन्सं हसल्या. "सोलापूरचं ऊन ते. आमच्या आज्याच्या वक्ताला बी असंच व्हतं की. लिव, काय बदल न्हाय."

मुलगी लिहीत होती आणि वर कट्ट वाजलं. मग पुन्हा. सुक्या पाल्यावरून कुणी हळूहळू चालावं तसं.

आम्ही तिघी वर गेलो. गच्चीवर कुणी नव्हतं, वारासुद्धा नव्हता. जुन्या साडीवरच्या कुरडया अर्ध्या दिवसातच कडकडीत वाळून एकेक करून आपोआप तडकत होत्या. रुखवतात मांडायला एकही अख्खी उरली नव्हती.

वन्संनी एक तुकडा उचलला आणि चटका बसल्यासारखा टाकून दिला.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "मगाशी लिवलंस ते खोडून टाक."