साडेचार पाकळ्यांचं फूल

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपल्या बागेचे अधीक्षक साहेब, त्यांचे कुटुंबीय आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. आमच्या घरी बोलायचं खातं हिच्याकडे होतं. ती गेल्यापासून ते बंदच आहे. तरी छायाचित्र मंडळानं दोन शब्द बोलायला सांगितलं, म्हणून उभा आहे.

आधी साहेबांबद्दल, कारण आजचा मान त्यांचा. फाटक उघडण्याआधी हिला बागेत सोडणारे हेच. नियमात बसत नव्हतं. पहारेकऱ्याला सांगायचे, "बाईंना जाऊ दे रे. त्या फुलं तोडत नाहीत, नुसत्या टक लावून बसतात." साहेब, हे उपकार मी विसरणार नाही.

फुलांची छायाचित्रं काढायची तिची रीत साधी होती. फ्लॅश नाही. पाणी शिंपडून दंव आणायचं नाही. किडीनं खाल्लेलं पान बाजूला वळवायचंसुद्धा नाही. ऊन कडक झालं की माझ्या हातात पांढरी छत्री. तिच्यातून झिरपणारा मऊ उजेड फुलावर पडायला हवा.

"अहो, हलू नका. तुम्ही खांब आहात."

"खांबाचं नाक खाजतंय."

"मग आत्ताच खाजवा. वाऱ्यानं फूल हलतंय तोवर तुम्हालाही सूट!"

अशी माझी नोकरी. असो.

आता जे मघापासून मनात आहे, ते बोलतो. या सभागृहात तिची छायाचित्रं लावली आहेत. कार्यवाहांनी खपून लावली, त्यांचे आभार. पण दाराजवळचं ते पिवळं फूल कुणाचं आहे? तिचं नाही.

तिनं टिपलेलं शेवटचं फूल रुग्णालयाच्या आवारातलं. चाकांची खुर्ची मी भिंतीपाशी नेली होती. भिंतीच्या फटीत एक पिवळं रानफूल, त्याची एक पाकळी अर्धी कुरतडलेली. मी म्हटलं, "अगं, पलीकडे चांगलं फुललंय, ते घे." तर डोळे वटारून म्हणाली, "मीही अर्धीच उरले आहे. माझ्याऐवजी पलीकडची कुणी घरी नेणार आहात का?"

मघाशी त्या चित्रापुढे उभा राहिलो. पाकळ्या पाच, सगळ्या धडधाकट. भिंत गायब, मागे नुसता हिरवा धूर. आणि वर पाण्याचे थेंब! मी कार्यवाहांना विचारलं.

"काका, संगणकावर थोडा उठाव दिला. समारंभ आहे, लोकांना टवटवीत आवडतं."

"आणि पाकळी?"

"ती किडकी होती हो. काकूंनाच बरं दिसलं नसतं."

काकूंना? जिनं आयुष्यभर वाळकं पान हलवलं नाही, तिला काय बरं दिसलं असतं हे तुम्ही ठरवणार? ती उठून भांडणार नाही म्हणून? आणि खाली नाव तिचं! उद्या कोणीही म्हणेल, बाई गुपचूप पाणी शिंपडत होत्या. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, एवढं तर आपण पाळतो ना? मग त्याच्या डोळ्यांत आपलं फूल कसं काय घालता?

मी म्हटलं, उतरवा. उत्तर मिळालं, "कार्यक्रम होऊ द्या, नंतर बघू." नंतर म्हणजे कधी? सगळे बघून गेल्यावर?

साहेब, तुमच्या दिवशी हे काढायला नको होतं, कळतं मला. पण तिला फुलांपाशी बसलेलं तुम्ही पाहिलंय. तुमच्यासमोर नाही बोलणार तर कुणासमोर? तुम्हाला चांगलं आरोग्य लाभो, आणि बागेत आता बिनकामाचं फिरायला मिळो.

दोन शब्दांचे फार झाले. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या. चित्र मात्र मी आत्ता उतरवतोय, आणि त्याची माफी मागणार नाही.

दाराजवळचं ते स्टूल डगमगतं. कुणीतरी जरा धरा.