धुतलेली वीज

धुवायच्या नाहीत म्हणे! आता तुम्हीच सांगा, माणसाच्या अंगाला रोज सकाळ-संध्याकाळ चिकटवायच्या चकत्या, त्यांना घाम लागणार, केस लागणार, आणि त्या म्हणे साबणानं धुवायच्या नाहीत! आमच्या घरात न धुतलेला चमचा फळीवर जात नाही, तिथे... पण ते असो. मी मुद्द्याचंच बोलते, भरकटलेलं मला आवडत नाही.

तर मुद्दा आमच्या ह्यांच्या उजव्या हाताचा. अर्धांगाचा झटका आला, त्यातून पाय सुधारला, बोलणं सुधारलं, बोलणं तर जरा जास्तच सुधारलं, पण हाताची मूठ मिटली ती मिटलीच. आणि हात कुणाचा? घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा! ज्या बोटांनी तिळाएवढे स्क्रू उचलले, ती बोटं मांडीवर गोळा होऊन पडलेली! दुकानाला तेव्हापासून कुलूप. एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "अगं, शेजारच्या चष्मेवाल्याला आपला गाळा हवा आहे. महिनाअखेरीस कळवतो म्हटलंय. देऊन टाकू." मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना विचारा!

तेवढ्यात मुलीनं ते यंत्र पाठवलं. साबणाच्या डबीएवढं, दोन वायरी, दोन चिकट चकत्या, एक लुकलुकणारा दिवा, जोर कमी-जास्त करायला एक बटण. फोनवर म्हणते, "आई, फिजिओथेरपिस्ट येऊन सगळं दाखवतील. तू फक्त बघ हं." फक्त बघ! मॅट्रिकला विज्ञानात पहिली आलेली बाई मी, मला म्हणते फक्त बघ!

त्या फिजिओबाई आल्या. वयानं लहानच, पण हात स्वच्छ धुवून आल्या, म्हणून मी आत घेतलं. ह्यांच्या कोपराखाली चकत्या लावल्या, म्हणाल्या, "आजोबा, मुंग्या आल्यासारखं वाटेल, घाबरू नका," आणि बटण हळूच फिरवलं... अहो, तुम्हाला सांगते, ती मूठ, जी माझ्या मालिशीला बधली नाही, डॉक्टरांना बधली नाही, ती मूठ आपण होऊन उघडायला लागली! आधी मनगट वर आलं, मग बोटं, एकामागून एक... परगावी गेलेला मुलगा न कळवता दारात उभा राहावा, तसे हे आपल्याच हाताकडे बघत राहिले! माझ्या हातात चहाचा ट्रे, तो खाली ठेवायचंही भान नाही मला! विजेपुढे माणसाचं काय चालतंय!

पण बाईंनी बजावलं, "आजोबा, यंत्र उचलेल तेव्हा तुम्हीही मनापासून उचलायचं. नाहीतर व्यायाम यंत्राचा होईल, तुमचा नाही." आणि हे काय करायचे? डाव्या हातात वर्तमानपत्र, उजवा हात यंत्राला आंदण! जांभया! मग मी समोर खुर्ची टाकून बसले. दिवा लागला की, "उचला!" दिवा गेला की, "सोडा!" हे म्हणायचे, "अगं, मी काय शाळेतल्या कवायतीत आहे का?" मी म्हणायचे, "नाही, तिथून नाव काढलंय तुमचं. उचला!"

आणि निगा म्हणाल तर माझ्यासारखी कुणी ठेवणार नाही. कातडी आधी पुसायची, तेलाचा थेंब नको. जोर शून्यावर आणल्याशिवाय चकतीला हात लावायचा नाही. काढताना कडेनं सोलायची, वायर धरून ओढायची नाही. बॅटरी बाहेर. वीज आहे ती, तिच्यापुढे गबाळेपणा कसा चालेल? फक्त त्या चकत्यांचा तो चिकटपणा मला बघवेना. म्हणून धुतल्या. साबणानं, ब्रशनं. चिमट्यांनी उन्हात वाळवल्या, वर हलकी पावडर. काय लख्ख निघाल्या! आता चिकटेनात, हे खरं. मग मी कापडाची पट्टी नीट गुंडाळून बांधायला लागले. दिवा लागत होता, मी "उचला" म्हणत होते, बोटं उघडत होती. आधी जरा रडतखडत, मग दिवसेंदिवस छान! विजेपुढे माणसाचं काय चालतंय!

महिनाअखेर आली तशा फिजिओबाई आल्या. पट्टी सोडली, चकती चिमटीत धरली. "आजी... हे काय?"

"स्वच्छता," मी म्हटलं.

त्यांनी चकत्या स्वतःच्या हातावर दाबल्या, बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. काही नाही! "आजी, वीज नेणारा चिकट थरच गेलाय, यातून वीज जातच नाहीये. कधी धुतल्यात?"

"झाला की पंधरवडा."

"मग पंधरवडाभर बोटं कोण उचलतंय?"

आणि हे खाली मान घालून म्हणतात, "मीच."

"आजोबा! मुंग्या येत नाहीत, हे कळलं नाही तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पण ही समोर बसून 'उचला' म्हणत होती. वीज आली नाही म्हणून उचललं नाही, हे हिला सांगायची तुमची आहे का हिंमत?"

बाईंनी वायरी बाजूला ठेवल्या. म्हणाल्या, "आता उघडा बरं." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उचला!" आणि तुम्हाला सांगते, वायर नाही, दिवा नाही, काही नाही... करंगळी थरथरली, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, आणि सगळ्यात शेवटी अंगठा. अख्खा पंजा! विजेनं उघडलेला हात मी पाहिला होता, तेव्हा ट्रे तरी हातात राहिला होता. ह्या खेपेला मी भिंतीला धरून उभी!

संध्याकाळी ह्यांनी चष्मेवाल्याला फोन लावला. "गाळ्याचं राहू द्या," एवढंच म्हणाले. स्क्रू अजून धरवत नाही, पण भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतात.

बाई म्हणाल्या, "आजी, यंत्र कपाटात ठेवा. पुढचा व्यायाम आता तुमच्याच आवाजावर." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी यंत्राच्या जागी! आणि ह्यांचं काय म्हणणं, तर, "यंत्र बरं होतं गं... त्याचा जोर कमी करता यायचा."